पाळीचा मोर्चा

हा किस्सा सांगतो, पण एका अटीवर. तोंडात चहाचा घोट असताना ऐकायचा नाही. मागं आमच्या साडूला सांगितला, तर माझा पांढरा सदरा कायमचा गेला. दुसरी अट म्हणजे आमच्या हिच्यासमोर विषय काढायचा नाही. कारण मग ती स्वतःच सांगायला बसते, आणि ती सांगते तेव्हा मी आहे त्याच्या दुप्पट येडा निघतो!

तर ते दुष्काळाचं साल. जायकवाडी आटलेलं, विहिरींना तळ दिसलेले, आणि शहर मात्र वाढतंय, वाढतंय, नुसतं वाढतंय. गारखेड्याच्या पुढं आमची गल्ली. तिथं दर महिन्याला नवी बिल्डिंग उभी राहायची, आणि राहायला येणारा माणूस पलंगाच्या आधी पाण्याची टाकी घेऊन यायचा.

नळाला पाणी यायचं ते पाळीनं. आज या गल्लीला, उद्या त्या गल्लीला. म्हणून आमच्याकडं नळाच्या दिवसालाच सगळे 'पाळी' म्हणायचे. "काय हो, आज तुमची पाळी का?" "नाय, आमची परवा!" मिशीवाले बापे भर रस्त्यात हे बोलायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. त्यात मी वाळूजला कारखान्यात. तिथं पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. म्हणजे बघा, माझं अर्धं आयुष्य कारखान्याच्या पाळीत गेलं, उरलेलं नळाच्या.

आता तुम्ही म्हणाल, तिसरी पाळी ठाऊक नव्हती का तुम्हाला? होती हो! पण तिला आमच्या घरात पाळी म्हणतच नव्हते. आमची आई म्हणायची 'कावळा शिवला'. बायको आली, ती म्हणायची 'अडचण आहे'. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण तो शब्द त्या अर्थानं आमच्या घरात पुरुषासमोर कुणी उच्चारला नव्हता. एवढं ध्यानात ठेवा. माझा बचाव एवढाच आहे.

आमची ही म्हणजे मंदा. फुलंब्रीकडची, शेतकऱ्याची लेक. तिचं हसणं असं, की तिसऱ्या घरात कळायचं, मंदावहिनींना काहीतरी गंमत सापडली. त्या वर्षी ते हसणं बंद झालं.

भांडी आपटायला लागली. ऐन थंडीत पंखा पाचवर! मी गोधडीत कुडकुडतोय आणि ही पदरानं वारा घेतेय. भाजी निवडता निवडता मधेच डोळे भरून यायचे. "काय झालं गं?" विचारलं की "काही नाय." परत विचारलं की "काही नाय म्हटलं ना एकदा!" मग मी पेपर तोंडासमोर धरायचो. खरं सांगतो, मी आतून घाबरलो होतो. ती तिथंच होती, स्वयंपाकघरात, हाकेच्या अंतरावर, पण माझी मंदा काही मला सापडत नव्हती. ती मला परत पाहिजे होती.

माझं निदान मात्र पक्कं होतं. पाणी! टंचाईनं बाई वैतागली आहे. पाळीच्या आदल्या दिवशी तर तिच्याशी बोलायची सोय नसायची. यापेक्षा वेगळा पुरावा काय पाहिजे?

आणि मी? छे छे, मी एकदम ठणठणीत! झोप लागत नव्हती, पण दुष्काळात झोप कुणाला लागते? लाइनमनच्या अंगावर धावून गेलो होतो, पण त्याच्यावर कोण ओरडत नव्हतं? दारातला कढीपत्ता वाळला तेव्हा त्याच्याजवळ उभा राहून रडलो, पण ती धूळ गेली होती डोळ्यांत. कारखान्यात एका नव्या इंजिनियरनं मला 'अंकल' म्हटलं, तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि घरी येऊन केसांना कलप लावला. तो कलप धुवायला एक अख्खी बादली गेली. त्यावरून मंदा जी काही बोलली! बघा, मी म्हणतच होतो. सगळ्याचं मूळ पाणीच.

एका संध्याकाळी मी गच्चीवर टाकीत किती पाणी उरलं ते बघत होतो. बघत होतो म्हणजे, झाकण बाजूला आणि डोकं आत. टाकी जिन्याच्या खोलीमागं, त्यामुळं कपडे काढायला आलेल्या मंदाला मी दिसलो नाही. ती फोनवर होती, फुलंब्रीच्या तिच्या ताईशी.

"नाय गं ताई, पाळीचं काही खरं राहिलं नाय. नेमच नाय तिचा. वाट बघावी तेव्हा यायची नाय, अन् नको तेव्हा हजर! मागच्या टायमाला आली अन् लगेच गेली."

मी टाकीतच मान हलवली. खरं बोलत होती.

"व्हय, मॅडमकडं जाऊन आले ना. मॅडम म्हणल्या, आता असंच चालायचं. हळूहळू बंदच होईल. ...व्हय ताई, कायमची! ...ह्यांना? ह्यांना सांगून काय उपयोग?"

मी डोकं इतक्या झटक्यात वर काढलं, की टाकीचा काठ लागून टेंगूळ आलं. कायमची बंद? आमची पाळी? आणि मॅडम म्हणाल्या? आमच्या वॉर्डात मॅडम म्हणजे एकच, नगरसेविका मॅडम. मतं मागताना हात जोडून दारात, आणि आता गुपचूप पाळी तोडतात होय? तेही माझ्या बायकोला सांगून, आणि ती बिचारी एकटी हे ओझं घेऊन फिरतेय! तेव्हाच मला सगळा उलगडा झाला. मंदा रडते ती ह्याच्यासाठी.

खाली आलो. ती चहा टाकत होती. मी घसा साफ केला.

"मंदा, मला कळलंय सगळं."

"काय कळलं?"

"पाळीचं."

तिच्या हातातली साखर ओट्यावर सांडली. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"ऐकलं मी. बंद होणार म्हणे. मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगायचं? लाज वाटती."

"यात लाज कसली? हे काय तुझ्या एकटीचं आहे? घराघरात असणार!"

"व्हय, ते बी खरंच." ती हळूच म्हणाली. "शेजारच्या कुलकर्णीकाकूंची तर कधीचीच गेली."

मी हादरलो. कुलकर्ण्यांची अन् आमची पाइपलाइन एकच! "आणि काकू कुणाला काही बोलल्या नाहीत?"

"कोण बोलतं हो? बायका सोसतात गपचिप."

"सोसायचं नाही! मी आहे ना? मी बोलतो मॅडमशी."

"तुम्ही?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "तुम्ही याल मॅडमकडं? माझ्यासाठी?"

"रविवारी सकाळीच. घरी जाऊ त्यांच्या."

"घरी बघतात व्हय त्या?"

"बघतील नाही तर काय करतील! मी पुढं होतो, तुला बोलावून घेतो. तू फक्त तयार राहा."

त्यावर मंदा पदर डोळ्यांना लावून रडली, आणि रडता रडता हसली. तेच हसणं! कितीतरी महिन्यांनी! त्या संध्याकाळी तिनं चहाबरोबर थालीपीठ केलं, माझ्या टेंगळाला हळद लावली आणि जेवताना दोनदा आपणहून बोलली. मी मनात म्हटलं, दिनकरराव, नुसत्या आश्वासनावर एवढा फरक, मग पाणी आल्यावर काय होईल!

गल्लीच्या कोपऱ्यावर सलीमभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. माझा पंचवीस वर्षांचा दोस्त. त्याला सांगितलं.

"क्या बात करते दिनकरभाई! पाळी परमनंट बंद?"

"हौ!"

"कौन बोला?"

"खुद मॅडम. तुम्हारी भाभी को बोली."

"और तुम इधर बैठ के चाय पी रहे? चलो मियाँ, सबको जमा करते!"

रविवारी सकाळी अख्खी गल्ली जमली. बापे पुढं, बाया रिकामे हंडे घेऊन मागं. एका पोरानं जुन्या पुठ्ठ्यावर झकास अक्षरात लिहिलं, 'आमची पाळी आम्हाला द्या'. मी सगळ्यांत पुढं, पांढऱ्या सदऱ्यात, नव्या कलपात. घोषणा मीच बसवल्या होत्या.

"पाळी आमच्या हक्काची!"

"नाही कुणाच्या बापाची!"

"नियमित पाळी..."

"मिळालीच पाहिजे!"

मागं बाया खुसखुसत होत्या. कुलकर्णीकाकू तर हंड्यात तोंड घालून चालल्या होत्या. मला वाटलं, केवढा हा उत्साह!

नगरसेविका मॅडम बाहेर आल्या. पन्नाशीच्याच बाई, कपाळावर घाम, हातात पेपराचा पंखा. "काय झालं दिनकरभाऊ? रविवारचं एवढे लोक घेऊन?"

मी पायरीवर चढलो. "मॅडम, एकच प्रश्न. तुम्ही माझ्या बायकोला सांगितलं की नाही, की आता पाळी कायमची बंद होणार?"

"मी?" मॅडम गोंधळल्या. "मी तर वहिनींना संक्रांतीनंतर भेटलेच नाय!"

"खोटं! तिनं स्वतः तिच्या बहिणीला सांगितलंय. मी टाकीत होतो तेव्हा."

"टाकीत?"

"ते जाऊ द्या! आमच्या बायकांची पाळी तुमच्या हातात आहे की नाही?"

बाया एकदम हंडे खाली ठेवून खालीच बसल्या. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पाळ्यांचं वेळापत्रक वरून येतं. पण बंद करा असं कुणीच सांगितलं नाय. बोलवा वहिनींना, होऊन जाऊ द्या समोरासमोर."

सलीमभाई स्कूटर घेऊन गेला. घरी मंदा तयार होऊन बसलेली. मोरपंखी साडी, केसात अबोलीचा गजरा. दुष्काळात अबोली कुठून आणली ते तिलाच ठाऊक. सलीमभाई दारातून ओरडला, "भाभी, चलो! मॅडम बुला रहे. दिनकरभाई वहींच खडे हैं." ती बिचारी हातात पर्स घेऊन स्कूटरवर बसली.

गेटपाशी उतरली. समोर हंडे, गर्दी, पुठ्ठ्यावर 'आमची पाळी आम्हाला द्या', आणि पायरीवर मी. मी दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "ये मंदा, ये! घाबरू नको. मॅडमनी तुला पाळीचं काय सांगितलं, ते सगळ्यांसमोर सांग! लाजू नको, हा सगळ्या गल्लीचा प्रश्न आहे!"

मंदा थांबली. तिनं आधी पुठ्ठ्याकडं पाहिलं. मग हंड्यांकडं, मग नगरसेविका मॅडमकडं. मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली, आणि शेवटी जे उमटलं ते पाहून माझे पसरलेले हात आपोआप खाली आले. काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं. काय, ते अजून कळत नव्हतं!

दुसरी कुणी असती तर तोंड लपवून पळाली असती. पण ती फुलंब्रीची. तिनं पदर खोचला.

"सांगते की! ह्या मॅडम नाय. सिडकोतल्या डॉक्टर मॅडम. त्या म्हणल्या, पन्नाशीला आलं की बाईची पाळी अशीच पुढं-मागं होती, मग बंद होती. अंगातून वाफा निघतात, झोप येत नाय, उगाच रडू येतं, उगाच चिडचिड होती. त्यात येडं होण्यासारखं काही नाय, घरच्यांनी तेवढं समजून घ्यावं." एवढं बोलून ती थांबली. "तर माझ्या घरच्यांनी मोर्चा काढला!"

तुम्ही कधी अख्खी गल्ली एकदम हसताना ऐकली आहे का? मी ऐकली आहे. आधी बाया फुटल्या. कुलकर्णीकाकूंचा हंडा गडगडत गटारीपर्यंत गेला. मग एकेका बाप्याच्या डोक्यात प्रकाश पडत गेला. सलीमभाईनं कपाळाला हात लावला, "या अल्लाह, हम क्या माँगने आए थे!" आणि तो पुठ्ठा पाठीमागं लपवला.

नगरसेविका मॅडम हसता हसता खुर्चीत बसल्या, पेपरानं वारा घेत म्हणाल्या, "वहिनी, त्या डॉक्टर मॅडमचा नंबर मला बी द्या." मग डोळे पुसून त्यांनी दोन टँकर पाठवायचं कबूल केलं. त्या दुष्काळात वॉर्डातला सगळ्यांत यशस्वी मोर्चा तो. पण माझं लक्ष टँकरकडं नव्हतं.

कारण मंदा हसत नव्हती.

घरापर्यंत ती माझ्या पुढं चालली. घरी आल्यावर गजरा काढून ओट्यावर ठेवला आणि पाठमोरी उभी राहिली.

"मंदा, चुकलं माझं. सगळ्यांसमोर..."

"त्याचं काही नाय हो. बायांना समदं ठाऊकच असतं." ती वळली. "मला वाटलं, तुम्ही मला विचारलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तुला काय होतंय, अन् म्हणलं मी आहे ना. तीन दिवस मी हवेत होते. अन् तुम्ही विचारलं नळाचं!"

कारखान्यात दोनशे माणसं सांभाळतो म्हणून मिरवणारा मी, स्टुलावर बसलो आणि रडायला लागलो. धूळ नव्हती. मी रडतोय हे पाहून मंदाच घाबरली.

"अहो, तुम्ही कामून रडता?"

"काय माहीत! हल्ली येतं रडू. झोप पण येत नाही. तू रुसलीस की वाटतं, संपलं सगळं." मग नाक पुसून म्हणालो, "मंदा, आता विचारतो. नळाचं नाही. तुला काय होतंय?"

ती बराच वेळ बोलत होती. दुपारची जेवणं राहिली. त्या गरम वाफा, ती धडधड, एकाएकी वाटणारी भीती, आपण आता कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं. मी नुसता ऐकत होतो. पंखा पाचवर होता, आणि मी गोधडी मागितली नाही. मधेच तिला पुठ्ठा आठवला, आणि ती हसली. तिसऱ्या घरात ऐकू गेलं असणार, कारण शेजारून तर कुलकर्णीकाकूही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी तिच्याबरोबर सिडकोतल्या खऱ्या मॅडमकडं गेलो. दवाखाना भरलेला. आत डॉक्टर मॅडम मंदाला विचारायला लागल्या.

"झोप कशी आहे?"

"लागतच नाही," मी म्हणालो.

"चिडचिड?"

"भयंकर," मी म्हणालो.

"उगाच रडू येतं?"

"कढीपत्ता वाळला तरी येतं," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा खाली केला. "मी ह्यांना विचारतेय."

मंदानं ओठ दाबून धरले. मॅडमनी तिला गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, रक्त तपासायला सांगितलं. मग म्हणाल्या, "बायकांचं कळून तरी येतं. पुरुषांमध्ये बदल सावकाश होतात, त्यामुळं तुम्ही लोक कधी कामावर खापर फोडता, कधी पावसावर. यांना जरा बाहेर बसवून बीपी बघा. सिस्टर, ह्यांना घ्या!"

बाहेर आलो. बाकावर ओळीनं बाया बसलेल्या, भिंतीला टेकून दोन-चार नवरे. मी आपला कोपऱ्यात, कालच्या मोर्चाची आठवण काढत, कानाच्या पाळ्या लाल करून. तेवढ्यात सिस्टर बीपीचं मशीन घेऊन आल्या आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दिनकरराव कोण? या, आता तुमची पाळी!"

मी ताडकन उभा राहिलो, हात जोडले आणि कळकळीनं म्हणालो, "नाही हो सिस्टर, देवाशपथ, मला नसते!"

आधी एक बाई फिस्सकन हसली, मग सगळ्याच. आणि त्या सगळ्यांवर चढलेला एक आवाज मी पंचवीस वर्षं ओळखत होतो. दारात मंदा उभी होती, चौकटीला धरून, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

"सांगा, सांगा!" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगा. लाजू नका, हा सगळ्या गल्लीचा प्रश्न आहे!"